अंडी घालता घालता थांबणारी कोंबडी

मलेशियाच्या द्वीपकल्पी भागाच्या ईशान्य टोकाला केलांतान नावाचं राज्य आहे. जगातली सर्वांत लहान कोंबडी म्हणून जिची ओळख आहे, ती सेरामा तिथलीच. छाती पुढे काढलेली, शेपटी ताठ उभी, पंख थेट जमिनीकडे सोडलेले, असा तिचा थाट. आणि एवढा थाट मिरवणाऱ्या या कोंबडीचं वजन किती? बहुतेकदा अर्ध्या किलोच्या आत. कित्येक माद्या तर ३५० ग्रॅमच्या आसपासच भरतात.

तिचं अंडं साधारण २० ग्रॅमचं. दुकानातून आपण आणतो ते अंडं ५५ ते ६० ग्रॅमचं असतं, म्हणजे सेरामाची तीन अंडी एकत्र केली तेव्हा कुठे आपलं एक अंडं होतं. एवढंसं अंडं ते काय, असं कुणालाही वाटेल. पण हाच हिशोब उलट्या बाजूने मांडून पाहा. ३५० ग्रॅमच्या अंगातून २० ग्रॅमचं अंडं म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ सहा टक्के. साठ किलो वजनाची बाई नऊ महिने वाढवून साडेतीन किलोच्या आसपासचं बाळ जन्माला घालते, ते प्रमाणही हेच. ही चिमुकली तेवढा भार एका दिवसात घडवते, अंगाबाहेर ठेवते आणि बहुतेक वेळा एखादा दिवस सोडून पुन्हा त्याच कामाला लागते.

उलट, अंड्यांसाठीच वाढवलेली दीड-पावणेदोन किलोची संकरित कोंबडी ६० ग्रॅमचं अंडं देते, ते तिच्या वजनाच्या जेमतेम साडेतीन-चार टक्केच भरतं. पक्ष्यांच्या जगात हा नियमच आहे. अंग जितकं लहान होत जातं तितकं अंडं लहान होत नाही. शहामृगाचं अंडं सव्वा ते दीड किलोचं, सगळ्या पक्ष्यांत मोठं. पण शहामृगाच्या मादीचं वजन शंभर किलोच्या घरात असल्यामुळे ते तिच्या अंगाच्या दीड टक्क्याच्या आसपासच राहतं. तेव्हा अंगाच्या मानाने मोठं अंडं घालते ती लहान कोंबडीच.

अशा लहान चणीच्या सगळ्या कोंबड्यांना जगभर बँटम म्हणतात. त्यांची अंडी लहान आणि संख्येनेही कमी. संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, तर बऱ्याच बँटम जाती शंभराच्या अलीकडेच थांबतात. हे थांबणं फार नवलाचं आहे. ते नीट पाहिलं तर कोंबडी म्हणजे नेमकी काय चीज आहे, हे उलगडू लागतं.

मिरीच्या बंदरावरून

जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन नावाचं बंदर होतं. मिरीच्या व्यापारासाठी ते दूरदूर गाजलेलं. १५९६ मध्ये डच जहाजं पहिल्यांदा तिथे पोहोचली, काही वर्षांतच इंग्रजही आले. लांबच्या प्रवासात ताजं अन्न हवं म्हणून खलाशी जहाजावर कोंबड्या बाळगत. जागा कमी व्यापणाऱ्या आणि थोड्या दाण्यात भागणाऱ्या तिथल्या ठेंगण्या कोंबड्या त्यांना सोयीच्या वाटल्या. त्या युरोपात पोहोचल्या आणि पुढे कुठल्याही देशाच्या लहान कोंबडीला त्या बंदराचंच नाव चिकटलं: बँटम.

बँटमचे मुख्य दोन गट. काही जाती थोराड जातींच्या छोट्या आवृत्त्या आहेत, जसं लेगहॉर्न बँटम किंवा प्लिमथ रॉक बँटम. त्यांच्यात मोठ्या जातीचा अंडी देण्याचा गुण बऱ्यापैकी टिकलेला असतो. दुसरा गट मुळातच लहान असलेल्यांचा, ज्यांची मोठी आवृत्ती कुठेच नाही. जपानची चाबो, इंग्लंडची सेब्राइट, हॉलंडची डच बँटम आणि आपली सेरामा या गटातल्या. खरी नवलाई या दुसऱ्या गटात आहे, कारण या कोंबड्या माणसाने अंड्यांसाठी घडवल्याच नाहीत. रूपासाठी, सोबतीसाठी, अंगणाच्या शोभेसाठी घडवल्या. आणि रूपाची किंमत त्यांच्या अंड्यांनी मोजली आहे.

चाबोचं उदाहरण घ्या. तिचे पाय इतके आखूड की चालताना पोट जमिनीला टेकतंय की काय असं वाटावं. हे आखूड पाय एका जनुकामुळे येतात. त्या जनुकाची एक प्रत असली तर पाय आखूड होतात. आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत आली तर पिल्लू अंड्यातच, वाढीच्या अगदी सुरुवातीला मरतं. त्यामुळे आखूड पायांच्या जोडीची अंडी उबवायला ठेवली तर सरासरी चारातलं एक फुकट जातं, दोनांतून आखूड पायांची पिल्लं निघतात आणि एकातून लांब पायांचं. कोंबडीने कितीही माया लावली तरी हे गणित बदलत नाही.

सेब्राइटची गोष्ट निराळी. सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट या इंग्रज जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात घडवली. सोनेरी किंवा रुपेरी पिसं आणि प्रत्येक पिसाला काळीभोर बारीक किनार. या जातीच्या कोंबड्याला मानेवरची आणि शेपटीची ती टोकदार, झुलणारी नरपिसं येतच नाहीत; तो थेट कोंबडीसारखा दिसतो. त्याच्या कातडीत नर हॉर्मोनचं मादी हॉर्मोनमध्ये रूपांतर होत राहतं, हे त्यामागचं कारण. दिसायला ही जात अप्रतिम, पण अंडी मोजकी आणि त्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाणही कमी. ती टिकवून धरणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या चिकाटीने राबावं लागलं आहे.

एका अंड्याचा प्रवास

आता अंडं घडतं कसं ते पाहू. बँटम असो की मोठी कोंबडी, कारखाना तोच. बहुतेक पक्ष्यांप्रमाणे कोंबडीचीही फक्त डावी बीजकोशी कामाची असते. उजवी वाढतच नाही. या बीजकोशीत लहान-मोठ्या बलकांचा घोस लटकत असतो. आज सुटणारा सर्वांत मोठा, उद्याचा त्याहून जरा लहान, परवाचा आणखी लहान. बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने भरतो. त्यामुळे आज घातलेल्या अंड्यात गेल्या आठवड्याभरात कोंबडीने जे टिपलं त्याचा अंश उतरलेला असतो.

पिकलेला बलक बीजकोशीतून सुटतो आणि अंडवाहक नळीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. तिथे तो जेमतेम पाव ते अर्धा तास असतो. बीज फळायचं तर ते याच वेळात. त्यासाठी त्या क्षणी कोंबडा जवळ असण्याचीही गरज नसते, कारण कोंबडीच्या अंगात शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि एका जुगण्यातून मिळालेला साठा दोन-तीन आठवड्यांपर्यंत पुरू शकतो. पुढच्या टप्प्यात सुमारे तीन तास बलकाभोवती पांढरा भाग चढतो. मग तास-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे गुंडाळले जातात. उरलेले वीसेक तास कवच घडण्यात जातात. सगळं मिळून २४ ते २६ तास.

या वीस तासांत जे चालतं ते ऐकून थक्क व्हायला होतं. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. मोठ्या अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं आणि रात्री तर कोंबडी उपाशी असते, मग हे कॅल्शियम येतं कुठून? त्याचा मोठा वाटा तिच्या हाडांतून येतो. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या पायाच्या लांब हाडांत, मधल्या पोकळीत, एक खास हाड तयार होतं. त्याचं काम एकच: दिवसा कॅल्शियम साठवणं आणि रात्री कवचासाठी मोकळं करणं. असं हाड फक्त अंड्यावर आलेल्या मादीतच आढळतं. २००५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांना साधारण ६.८ कोटी वर्षांपूर्वीच्या टायरॅनोसॉरस रेक्सच्या मांडीच्या हाडात हीच रचना दिसली आणि तो डायनासोर अंडी घालण्याच्या बेतातली मादी होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अंगणात दाणे टिपणारी पाव-अर्ध्या किलोची कोंबडी आणि तो अजस्र प्राणी, दोघींच्या अंड्यामागची युक्ती एकच.

पिवळ्या पायांच्या कोंबडीत आणखी एक खूण उघड्या डोळ्यांनी दिसते. मका, हिरवा पाला यांतून मिळणारा पिवळा रंग एरवी तिच्या चोचीत आणि पायांत साठतो. अंडी सुरू झाली की तो बलकाकडे वळतो. मग आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी पडते, नंतर चोच आणि सर्वांत शेवटी पाय. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत भरतो. जुने जाणते कोंबडीवाले नुसते पाय पाहून सांगतात की ही बराच काळ अंड्यावर आहे. हा पिवळेपणाचा वारसा आपल्या अगदी जवळचा आहे. पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आलेलं नाही. ते राखी रानकोंबड्याकडून आलं असावं, असं २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. हा राखी रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवणारा आपलाच पक्षी. भारतीय द्वीपकल्पाबाहेर तो रानात सापडत नाही. पिवळ्या पायांची चाबो जपानच्या अंगणात चालते तेव्हा या रानातल्या पक्ष्याचा अंश तिच्या पावलांत असतो.

उजेड कवटीतून शिरतो

कोंबडी दिवसाच्या लांबीवर अंड्यांचा हंगाम ठरवते. दिवस मोठे होऊ लागले की बीजकोशी जागी होते, लहान झाले की मंदावते; मग पिसं झडतात आणि नवी येतात. उजेड तिला डोळ्यांनी कळत असेल असं आपण धरून चालतो. पण १९३० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळ्यांची वाट बंद केली तरी पक्ष्याला उजेड कळतो आणि प्रजननाची इंद्रियं वाढतात. प्रकाश पिसं, कातडी आणि पातळ कवटी भेदून आत जातो आणि मेंदूच्या खोल भागातल्या प्रकाशसंवेदी पेशींना जागं करतो. पक्षी डोक्यातून ऋतू पाहतो, असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे.

म्हणून एकच जात वेगवेगळ्या मुलखांत वेगळी वागते. लंडनला डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. तिथल्या बँटम हिवाळ्यात अंडी बंदच करतात. मुंबईत सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. केलांतान तर विषुववृत्तापासून अवघ्या पाच-सहा अंशांवर, तिथे बारा महिने दिवस जवळपास सारखाच. सेरामा वर्षात कधीही अंड्यावर आलेली दिसते, ती या सलग उजेडाच्याच मुलखातली.

रोजच्या वेळेचं गणितही असंच बारीक आहे. एक अंडं बाहेर पडलं की साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो. पण प्रवासाला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून आजचं अंडं सकाळी आठला आलं तर उद्याचं नऊ-साडेनऊला आणि परवाचं त्याहून उशिरा. बलक सोडण्याचा इशारा देणारं हॉर्मोन मात्र रात्रीच्या ठरावीक तासांतच उसळतं. सरकत सरकत अंडं दुपारवर गेलं की ती वेळ हुकते. मग एक दिवस खाडा पडतो आणि पुन्हा सकाळपासून नवी साखळी सुरू होते. संकरित कोंबडीचा फेरा चोवीस तासांच्या अगदी जवळ आणून ठेवलेला असल्यामुळे तिची साखळी आठवडेच्या आठवडे चालते. बँटमची साखळी दोन, तीन, चार अंड्यांची, मग खाडा. कमी अंड्यांमागचं हे पहिलं कारण. दुसरं कारण याहून मोठं आहे.

खुडूक

गावाकडे ज्यांनी कोंबड्या पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य नवं नाही. दहा-बारा अंडी झाली की एके दिवशी कोंबडी खुराड्यातून उठतच नाही. जवळ गेलं की पिसं फुलवते, घशातून गुरगुरते, हात घातला की टोचते. कोंबडी खुडूक झाली. बँटम जातींमध्ये हे फार सहज होतं. अंडी साठू लागली, पोटाला त्यांचा स्पर्श होऊ लागला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन वाढत्या प्रमाणात सुटतं. माणसाच्या आणि गाईच्या अंगात जे दूध आणतं तेच हे हॉर्मोन. पक्ष्याच्या अंगात ते अंडी घालणं थांबवतं आणि अंडी उबवणं सुरू करतं. बीजकोशी आक्रसते आणि वाढत असलेले बलक अंगातच जिरून जातात. खुडूकपणामागचा हा हॉर्मोनांचा खेळ उलगडण्यात बँटमचाच मोठा हातभार लागला. १९७० च्या दशकाअखेरीस ब्रिटिश शास्त्रज्ञांनी खुडूक बँटमच्या रक्तातली हॉर्मोनं मोजून तो समजून घेतला.

आता तिच्या अंगात आणखी बदल होतात. पोटावरची पिसं विरळ होतात आणि तिथल्या कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. अंड्याला उघड्या, गरम कातडीचा थेट स्पर्श मिळतो आणि आतलं तापमान ३७ ते ३८ अंशांच्या आसपास राहतं. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं ती उठते, दाणापाणी उरकते, विष्ठा टाकते आणि परतते. एवढ्याशा खाण्यावर तिचं वजन उतरत जातं. घरटं सोडायला वेळ मिळत नाही म्हणून ती उपाशी राहते, असा आपला समज. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रानकोंबड्यांवरच्या एका अभ्यासात अन्न थेट घरट्याजवळ ठेवलं, तरी उबवणाऱ्या माद्यांनी फारसं खाल्लं नाही. त्या काळापुरती त्यांची भूकच कमी झालेली असते.

बसल्या जागी ती चोचीने अंडी सतत फिरवते, कडेची आत घेते आणि आतली कडेला सारते. न फिरवलेल्या अंड्यात वाढणारा जीव पापुद्र्याला चिकटून मरू शकतो. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो आणि वाफ बाहेर पडते. उबवण्याच्या काळात पक्ष्यांच्या अंड्याचं सुमारे १५ टक्के वजन वाफेवाटे घटतं, आणि अंडं शहामृगाचं असो की चिमणीचं, हे प्रमाण फारसं बदलत नाही. छोट्या अंड्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो, त्यामुळे ते लवकर वाळून जायला हवं. पण कवचाची जाडी आणि छिद्रांची संख्या यांचा मेळ असा बसलेला असतो की घट हवी तेवढीच होते.

सगळी एकाच दिवशी कशी निघतात?

बँटमने दहा अंडी पंधरा-वीस दिवसांत घातली, तर पहिलं अंडं शेवटच्यापेक्षा दोन-अडीच आठवडे जुनं असतं. तरीही पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी निघतात. याचं रहस्य असं की अंगाबाहेर पडताना फळलेल्या अंड्यातल्या जीवाची वाढ सुरू झालेली असते, त्याच्या हजारो पेशी झालेल्या असतात. पण अंडं थंडावलं की तो थबकतो. मरत नाही, नुसता थांबतो. वाढ पूर्ण थांबायला तापमान वीस-एकवीस अंशांपर्यंत खाली यावं लागतं. कोंबडी रोज अंडं घालून निघून जाते, त्यावर बसत नाही, यामागे हा शहाणपणा आहे. ती बसेल त्याच दिवशी सगळ्यांचं घड्याळ एकत्र सुरू होतं.

तरी थोडं मागेपुढे राहतंच. ते अंतर पिल्लं स्वतःच मिटवतात. अठराव्या-एकोणिसाव्या दिवसापासून ती अंड्यातून आवाज करू लागतात आणि आईही हलकं कॉक-कॉक करून उत्तर देते. १९६० च्या दशकात केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी लाव्यांच्या अंड्यांवर दाखवलं की शेजारच्या अंड्यातल्या टकटकीमुळे मागे पडलेलं पिल्लू घाई करतं आणि सगळी जवळपास एकत्र बाहेर येतात. जन्माआधीच भावंडांची बोलणी झालेली असतात.

मोठ्या कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात. अगदी छोट्या बँटमची पिल्लं बऱ्याचदा १९ व्या-२० व्या दिवशीच चोचीवरच्या टोकदार कण्याने कवच फोडतात. बाहेर पडण्याआधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्याच्या जोरावर ते दोन-तीन दिवस काही न खाता राहू शकतं. हा साठा मागे राहिलेल्या भावंडांसाठी असतो: आई शेवटचं पिल्लू बाहेर येईपर्यंत उठत नाही आणि पहिलं आलेलं पिल्लू तोवर तिच्या पंखाखाली निवांत वाट पाहतं.

हरवलेलं आणि टिकलेलं

माणसाने अधिक अंड्यांसाठी निवड सुरू केली तेव्हा खुडूक होणाऱ्या कोंबड्या मागे पडल्या. खुडूक कोंबडी म्हणजे तीन आठवडे उबवणं आणि त्यापुढे काही आठवडे पिल्लं सांभाळणं, आणि तेवढे दिवस अंडं नाही. लेगहॉर्नसारख्या जातींतून हा गुण जवळजवळ नाहीसा झाला. आजची संकरित अंडीवाली कोंबडी स्वतःच्या अंड्याकडे वळूनही पाहत नाही. तिची पुढची पिढी यंत्रात उबते. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात एक विलक्षण नोंद केली आहे: न बसणाऱ्या दोन वेगळ्या जातींचा संकर केला, तर होणारी पिल्लं मोठी होऊन पुन्हा खुडूक होऊ लागतात. उपजत वृत्ती पुसली गेलेली नव्हती, ती दोन जातींत दोन वेगळ्या ठिकाणी अडवली गेली असावी.

बँटममध्ये ती कधी अडलीच नाही. म्हणून इंग्लंडमधले शिकाररक्षक फेझंट आणि तितर यांची अंडी उबवायला पिढ्यानपिढ्या बँटम ठेवत. हलक्या अंगाखाली नाजूक अंडी फुटत नाहीत. बदकाच्या अंड्यांवर ती पंचवीस-अठ्ठावीस दिवस बसते आणि निघालेली पिल्लं पाण्यात उतरली की काठावर अस्वस्थ होऊन ओरडत फिरते.

रानकोंबडी वर्षाला एक-दोन घरटी करते, पाच-सहा अंडी घालते आणि बसते. पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा थायलंडमधल्या बान नोन वाट इथला, इसवीसनपूर्व सतराव्या ते तेराव्या शतकातला. तेव्हापासून आजवर माणसाने कोंबडीत खूप काही बदललं. संकरित कोंबडीकडे अंडी देण्याची क्षमता आहे, पण त्या अंड्यांचं पुढे काय करायचं ते ती विसरली आहे. बँटम ते विसरलेली नाही. तिची अंडी कमी आहेत, कारण तिच्या लेखी अंडं घालणं हा कामाचा अर्धाच भाग आहे.

पाळणाऱ्यांसाठी दोन शब्द

घरी बँटम पाळायची इच्छा असेल, तर अंड्यांचा हिशोब आधी मनातून काढा आणि तिच्या चक्राला साथ द्या. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. गरज पडेल तितका ती स्वतः टिपते. आडोशाची, अंधारी, कोरडी जागा अंड्यासाठी द्या. उबवायची नसतील तर अंडी रोज उचला, कारण साठलेली अंडीच तिला खुडूक करतात. ती बसलीच आणि तुम्हाला पिल्लं नको असतील तर गावात करतात तसं तिला पाण्यात बुडवू नका. हवा खालून खेळेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन, काही दिवस ठेवलं की पोटाची ऊब कमी होते आणि ती सावरते. उबवायची अंडी उन्हाळ्यात आठवडाभरापेक्षा जास्त साठवू नका. तिच्याखाली स्वतःची आठ-दहा अंडी ठीक. मोठ्या कोंबडीची पाच-सहाच ठेवा, कारण जी तिच्या पोटाखाली मावत नाहीत ती गारठतात. बसलेली असताना तिला दिवसातून एकदा उठून खाऊ-पिऊ द्या आणि पिसांत उवा-गोचीड झालेत का ते पाहत राहा, कारण बसल्या जागी ते भराभर वाढतात.

आणि एक विनंती. कोंबडी बँटम असो की आपली गावरान, वर्षातून निदान एकदा तिला अंड्यांवर बसू द्या. तेवढ्या काळात तुमची वीस-पंचवीस अंडी बुडतील. त्या बदल्यात घरातल्या मुलांना कवचाआडून येणारा पिल्लाचा आवाज आणि त्याला आईने दिलेलं उत्तर कान लावून ऐकता येईल. ते त्यांना नक्की ऐकवा.